पेगन, विकन, हिंदू की 'इतर'? आपल्या श्रद्धेला नाव काय द्यायचं?

कृष्णाकाठ (ब्रिस्टल)

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीला गेले होते. नर्सने वय, वजन, ॲलर्जी असं सगळं विचारलं आणि मग त्याच सुरात म्हणाली, "रिलिजन?" मी गप्पच झाले. ती कीबोर्डवर बोटं ठेवून थांबली होती. शेवटी मी "नंतर सांगते" म्हटलं आणि तिने ती जागा मोकळी सोडली. घरी आले तरी ती मोकळी जागा डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

आधी माझ्याबद्दल सांगते. माझं बालपण वाईत गेलं. हिवाळा सरत आला की कृष्णाबाईचा उत्सव सुरू व्हायचा, एकेका घाटावर मांडव पडायचा. नदी हीच देवी. तिची मूर्ती मांडवात बसायची, पण आजी नमस्कार आधी पाण्याला करायची आणि मग मूर्तीला. मळ्यातल्या विहिरीवर साती आसरा होत्या, म्हणजे शेंदूर लावलेले सात दगड. त्यांना दहीभाताचा नैवेद्य असे. बांधावर म्हसोबा. आमच्या घरात वेद कुणी वाचले नाहीत, गीतासुद्धा मी पंचविशीनंतर हातात घेतली. माझा देव कायम पाण्यात, दगडात आणि झाडात होता.

लग्न होऊन इथे आले त्याला तेरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी कुणीतरी बाथला नेलं. रोमन लोकांनी बांधलेलं गरम पाण्याचं कुंड आहे तिथे. पाणी साधारण ४६ अंशांचं, दिवसाला अकरा लाख लिटरहून जास्त आपोआप जमिनीतून वर येतं. रोमन यायच्या आधीपासून तिथल्या झऱ्याची देवी होती, तिचं नाव सुलिस. रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडून 'सुलिस मिनर्व्हा' केलं. कुंडात शिशाचे पातळ पत्रे सापडलेत, शंभरावर. लोक त्यावर तक्रारी कोरून पाण्यात टाकायचे. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे चोरीला गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावोत, तेही देवीच्या देवळातच, असं त्याने लिहून दिलंय. माझ्या सासरची माणसं मालवणकडची. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे गाऱ्हाणंच की गं!" त्या दिवशी त्या वाफेसमोर उभी राहून मी रडले होते. घर सोडून आल्यावर पहिल्यांदा ओळखीचं कुणी भेटलं होतं.

त्यानंतर हळूहळू इथल्या, निसर्गातल्या जुन्या देवतांना मानणाऱ्या काही लोकांशी ओळख झाली. वर्षातून आठ वेळा आम्ही जमतो. ऑक्टोबर संपताना साव्हिन, म्हणजे गेलेल्यांची आठवण, तेव्हा मी आजीचं पान वाढते. डिसेंबरात यूल, मेच्या सुरुवातीला बेल्टेन, जूनमध्ये सर्वांत मोठा दिवस. ब्रिस्टलच्या दक्षिणेला स्टँटन ड्रू गावात उभ्या दगडांची प्राचीन वर्तुळं आहेत, त्यातलं मोठं वर्तुळ शंभर मीटरहून रुंद आहे. तिथे गेलं की चपला काढाव्याशा वाटतात आणि मी काढते. घरी खिडकीत तुळस आहे. पौर्णिमेला दिवा लावते. गणपती बसतो. एकादशी करत नाही. पुनर्जन्म मानते का, ते मला खरंच सांगता येणार नाही.

२०२१च्या जनगणनेत नवऱ्याने 'हिंदू'वर खूण केली आणि मी 'धर्म नाही'वर. खूण करताना हात जड झाला होता, कारण ते खरं नव्हतं. 'हिंदू'ही अर्धंच खरं वाटत होतं. आमच्या गटातल्या एकीला 'विकन' म्हणवून घ्यायला आवडतं, एक जण स्वतःला ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांच्या वाटेने जाणारा, म्हणतो, बाकीचे नुसते 'पेगन'. माझ्यासारख्यांना ते 'एक्लेक्टिक पेगन' म्हणतात, म्हणजे निरनिराळ्या परंपरांतून वेचून घेणारे.

यातला कुठला शब्द माझा आहे? आणि शब्द लागतोच कशाला, हेही सांगा. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे.

---

घाटमाथा

ताई, सरळ हिंदू लिहा. लोकमान्य टिळकांनी केलेली व्याख्या आठवा: 'प्रामाण्यबुद्धिर्वेदेषु साधनानामनेकता। उपास्यानामनियमः...' साधनं अनेक असू शकतात, उपास्य कोण याला नियम नाही. नदी पुजा, दगड पुजा, सुलिसला हात जोडा, सगळं या व्याख्येत बसतं. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने हिंदू कुणाला म्हणायचं याचा निकाल दिला तेव्हा याच व्याख्येचा आधार घेतला होता. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर तुमच्याच साताऱ्याचे. वेगळा शब्द शोधायची गरज मला तरी दिसत नाही.

---

कृष्णाकाठ

घाटमाथा, व्याख्या फार सुंदर आहे, पण तिचा पहिलाच शब्द माझी अडचण आहे. वेदांबद्दल प्रामाण्यबुद्धी. मला वेदांबद्दल आदर आहे, पण माझ्या पूजेचं प्रमाण तिथून येत नाही, आजीकडून येतं.

---

घाटमाथा

रास्त आहे. पण त्या निकालामागची हकिकतही बघा. स्वामिनारायण संप्रदायातले काही लोक कोर्टात गेले होते, की आमचा धर्म वेगळा आहे, आम्ही हिंदू नाही. का, तर दलितांना मंदिरप्रवेश देणारा कायदा आपल्या देवळांना लागू होऊ नये म्हणून. न्यायालयाने ते मानलं नाही. नाव बदलून माणसं काय काय टाळू बघतात ते मला तेव्हापासून कळलं, आणि कुणी 'आम्ही वेगळे' म्हटलं की मी आधी विचारतो, वेगळं होऊन काय साधायचंय? तुमच्या बाबतीत तसं काही नाही हे दिसतंच आहे. तरी प्रश्न स्वतःला विचारून बघा.

---

सोनचाफा (न्यू जर्सी)

मी विकन आहे. नऊ वर्षं एका कव्हनमध्ये, म्हणजे विकन उपासकांच्या छोट्या गटात आहे, दीक्षा घेतलेली आहे. मराठीत याबद्दल कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

'पेगन' ही छत्री आहे. तिच्याखाली विकन, ड्रुइड, हीदन (ओडिन, थोर अशा उत्तर युरोपातल्या जुन्या देवांना मानणारे), ग्रीक देवतांचे उपासक असे पुष्कळ जण उभे आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटतंच असं नाही. 'विका' हा त्यातला एक धर्म, आणि तो जुना नाही. जेराल्ड गार्डनर नावाच्या इंग्रज माणसाने तो लोकांसमोर आणला. हे गृहस्थ मलायात कस्टम्समध्ये नोकरीला होते. इंग्लंडमध्ये १७३५चा जादूटोण्याविषयीचा कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरचं पुस्तक आलं. त्याची सहकारी डोरीन व्हॅलिएंटे हिने आमचे बरेचसे विधी आज आहेत त्या सुंदर भाषेत बांधले. गार्डनरचं म्हणणं होतं की हा अश्मयुगापासून लपूनछपून चालत आलेला धर्म आहे. त्यामागे मार्गारेट मरे या विदुषीचा १९२१चा सिद्धांत होता, जो पुढे इतिहासकारांनी खोडून काढला. ब्रिस्टल विद्यापीठातले रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये विकाचा खरा इतिहास साधार मांडला. म्हणजे तुमच्याच गावात, कृष्णाकाठ! तो वाचून आमच्यातल्या काहींना धक्का बसला. मला उलट मोकळं वाटलं. माझा धर्म सत्तर वर्षांचा आहे, तरी तो खरा आहे. त्यासाठी खोट्या जुनेपणाची गरज नाही.

गार्डनेरियन किंवा अलेक्झांड्रियन या विकाच्या शाखांचं नाव लावायचं असेल तर दीक्षा लागते, तीन पायऱ्या असतात, कोणाकडून कोणाला मिळाली याची साखळी असते. नाथपंथीयाला गुरू विचारतात तसंच. दीक्षेशिवाय ते नाव लावणं हे खोटं बोलणं होईल. १९८८ मध्ये स्कॉट कनिंगहॅमचं एकट्याने उपासना करणाऱ्यांसाठीचं पुस्तक आलं, तेव्हापासून हजारो लोक गटाशिवाय, दीक्षेशिवाय स्वतःला विकन म्हणतात. माझ्या गुरूंना ते रुचत नाही. मला चालतं, पण त्यांनी निदान देव, देवी, आठ सण आणि 'कुणाला इजा होत नसेल तर मनासारखं कर' हा नियम एवढं तरी पाळावं. तुम्ही सांगितलंत त्यात देव-देवीची जोडी कुठे दिसली नाही. तुमची देवता नदी आहे. म्हणून मला वाटतं, तुम्ही विकन नाही. पेगन नक्की आहात.

शब्द कशाला लागतो, याचं उत्तर आमच्याकडे स्मशानात मिळतं. अमेरिकेत सैनिकांच्या थडग्यांवर धर्मचिन्ह कोरतात. विकन सैनिकांना पंचकोनी ताऱ्याचं चिन्ह मिळत नव्हतं. २००५ मध्ये अफगाणिस्तानात गेलेल्या एका सैनिकाची पत्नी आणि तिच्यासारखे इतर त्यासाठी लढले, २००७ मध्ये ते चिन्ह मंजूर झालं. 'आम्ही नाव लावत नाही' असं म्हणणाऱ्यांच्या थडग्यावर दुसरंच कुणीतरी आपल्या मनाने काहीतरी कोरतं.

---

सातपुड्याची वाट

एक विनंती करायला लिहितो आहे. मी नंदुरबार जिल्ह्यात पंधरा वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो.

तुमच्यातल्या काही बायका स्वतःला अभिमानाने 'विच' म्हणवतात हे मला माहीत आहे. इंग्रजीत ते धैर्याचं असेल. पण कृपा करून त्याचं मराठी करताना 'चेटकीण' किंवा 'डाकीण' लिहू नका. आमच्याकडे पाड्यावर मूल आजारी पडलं, बैल मेला, की भगताला विचारतात आणि भगत एखाद्या बाईकडे बोट दाखवतो. बहुतेक वेळा ती विधवा असते किंवा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी जीवच जातो. एका बाईला मी स्वतः रात्री जीपमधून तालुक्याला आणलंय. तिला सगळ्यांत जास्त कशाची भीती वाटत होती, तर त्या शब्दाची. डॉ. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. आता असा आळ घेणं हा गुन्हा आहे. पण कायदा झाला म्हणून शब्दातलं विष गेलेलं नाही.

तुमच्या श्रद्धेला माझा विरोध नाही. नदीला देवी मानणाऱ्या आजीबद्दल वाचून मला माझी आजी आठवली. फक्त शब्द जपून.

---

सोनचाफा

दादा, पटलं. युरोपातही जादूटोण्याच्या आरोपावरून साधारण चाळीस ते पन्नास हजार माणसं मारली गेली, त्यात बायका जास्त. आमच्यातले काही जण नव्वद लाख असा आकडा सांगतात, तो खोटा आहे, आणि मी तो ऐकला की तिथल्या तिथे दुरुस्त करते. जे झालं तेच पुरेसं भयंकर आहे. मी इंग्रजीत 'विच' म्हणत राहीन, कारण इथे त्या शब्दाने आज कुणाला मारत नाहीत. मराठीत मात्र यापुढे 'विकन' एवढंच लिहीन.

---

मांडवीकिनारा (फोंडा)

'पेगन' या शब्दाबद्दल थोडं. मूळ लॅटिन 'पागानुस', म्हणजे खेड्यातला माणूस, गावंढळ. ख्रिस्ती झालेल्यांनी न झालेल्यांना दिलेलं नाव. इंग्रजीतला 'हीदन'ही माळरानाच्या शब्दाशी जोडतात. दोन्ही नावं बाहेरच्याने ठेवलेली, आणि दोन्हींत 'तुम्ही अजून मागेच राहिलात' असा सूर.

आम्हा गोवेकरांना या जातीचा शब्द चांगला परिचयाचा. पोर्तुगीज आम्हाला 'जेंतीव' म्हणायचे, बायबलमधले परके लोक या अर्थाने. त्यावरूनच इंग्रजांनी 'जेंटू' केलं आणि १७७६ मध्ये हिंदू कायद्याचं पुस्तक काढलं तेही 'जेंटू लॉज' याच नावाने. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बार्देशातली देवळं पाडली गेली तेव्हा लोकांनी देव रातोरात खाडीपलीकडे हलवले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. त्या देवळांत आज तुम्ही सगळे सहलीला येता. आणि १८८० साली पोर्तुगीज सरकारने गोव्यातल्या 'जेंतीव हिंदूं'च्या चालीरीतींची संहिता केली. म्हणजे परक्यांनी दिलेलं नाव पुढे कायद्यात जाऊन बसलं.

माझं म्हणणं इतकंच, की 'हिंदू' हे नावही सिंधूपलीकडच्यांनी ठेवलेलंच. घाटमाथा म्हणतात तो शब्द आणि सोनचाफा म्हणतात तो शब्द, दोघांची जन्मकथा एकच. लोकांनी ठेवलेलं नाव आपण उचललं आणि त्यात आपलं घर केलं. त्यामुळे ताईंनी यापैकी कुठलाही शब्द घेताना 'हा मूळचा आपला आहे का' याची चिंता करू नये. कुठलाच नव्हता.

---

सह्यकडा (नाशिक)

मला हे सगळं वाचून थोडा त्रास होतोय आणि तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'एक्लेक्टिक' म्हणजे आवडेल ते उचला, हे मला पटत नाही. अमेरिकेत पांढरा सेज ही सुगंधी वनस्पती जाळून घर शुद्ध करायची टूम आहे. ती तिथल्या मूलनिवासींची रीत. त्यांच्या स्वतःच्या विधींवर सरकारी बंधनं होती, धर्मस्वातंत्र्याचा कायदा त्यांच्यासाठी १९७८ मध्ये करावा लागला. आणि आज ते सेज दुकानात जुडी बांधून मिळतं. कालीची मूर्ती तर कुठेही ठेवतात, शेजारी स्फटिक आणि टॅरोचे पत्ते. देवीला नैवेद्य काय लागतो, तिचा वार कुठला, सोवळं काय, काही ठाऊक नसतं. ज्या शब्दाआड हे सगळं खपतं तो शब्द ताईंनी का घ्यावा?

---

कृष्णाकाठ

सह्यकडा, तुमचा राग मला कळतो, कारण मला तो आला आहे. आमच्या गटात नवीन आलेल्या एका मुलीने कालीला 'माझी आतली सावली' म्हटलं तेव्हा मी त्या रात्री झोपले नाही. दुसऱ्या वेळी भेटली तेव्हा तिला घरी बोलावलं. घटस्थापना होती. तिला घट बसवायला लावला, परडीत माती, धान्य, नऊ दिवस पाणी, रोज एक माळ. नऊ दिवस ती कामावरून सुटल्यावर बस बदलून येत होती. दहाव्या दिवशी उगवलेलं धान्य हातात घेऊन ती काहीही बोलली नाही. आता ती कालीबद्दल काही बोलायच्या आधी विचारते.

मी वेचून घेतलेलं नाही, निदान मला तसं वाटत नाही. सुलिसकडे मी चालत गेले आणि वर्षातून चार वेळा अजून जाते. साव्हिनचं पान वाढते ते आजीसाठी. पण बाहेरून बघणाऱ्याला माझ्यात आणि सेजची जुडी विकत घेणारीत फरक दिसणार नाही, आणि 'एक्लेक्टिक' हा शब्द तो फरक दाखवत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. तो शब्द मी सोडते.

---

रानफूल (बर्लिन)

माझा नवरा जर्मन आहे आणि हीदन आहे, म्हणजे ओडिन, थोर, फ्रेया यांना मानणारा. त्याच्यासाठी नावाचा प्रश्न जिवाभावाचा आहे, कारण इथे नाझींनी रून, म्हणजे जुनी जर्मानिक अक्षरं, आपल्या खुणांत वापरली. एसएसची खूण म्हणजे दोन रूनच. आजही काही गट म्हणतात की हे देव फक्त गोऱ्या रक्ताचे. नवरा गळ्यात थोरचा हातोडा घालतो आणि रेल्वेत कुणी तसाच हातोडा घातलेला दिसला की आधी त्याच्या जॅकेटवर काय लिहिलंय ते बघतो. २०१६ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या हीदन गटांनी 'घोषणा १२७' काढून अशा एका वंशवादी संघटनेशी उघडपणे संबंध तोडले. आकडा 'हावामाल' या जुन्या काव्यातल्या श्लोकाचा आहे: दुष्टपणा दिसला की तसं बोलून दाखव, शत्रूला शांतता देऊ नकोस.

आणि मी दिवाळीत दारात रांगोळी काढते ती स्वस्तिकाशिवाय. दोन्ही घरच्या खुणा दुसऱ्यांनी नासवलेल्या. आम्ही दोघं याबद्दल फार बोलतो.

हुरूप येतो तो आइसलंडकडे बघून. १९७२ मध्ये उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी स्वेनब्योर्न बेंटेन्सन या शेतकरी कवीने काही मित्रांसह जुन्या देवांची संस्था काढायचं ठरवलं, पुढच्या वर्षी सरकारने मान्यता दिली. आज पाच हजारांच्या वर सभासद आहेत, आणि देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत. रक्त कुणी विचारत नाही. त्यांच्या 'आसात्रू' या नावाचा अर्थच देवांवर भरवसा ठेवणं. विश्वास नाही म्हणत मी, भरवसा म्हणते. फरक आहे.

---

हेमाडी

छान धागा. इंग्लंडमधल्या जनगणनेत किती लोकांनी पेगन लिहिलं होतं, कुणाला ठाऊक आहे का?

---

कृष्णाकाठ

मीच सांगते, शोधून काढलं होतं. इंग्लंड आणि वेल्स मिळून २०११ मध्ये सुमारे ५७ हजार, २०२१ मध्ये ७४ हजार. विका वेगळं मोजतात, ते २०२१ मध्ये १३ हजार. शामानिझम, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणाऱ्यांची परंपरा, लिहिणारे ६५० वरून ८ हजारांवर गेले. २०११च्या वेळी इथल्या गटांनी मोहीम काढली होती की प्रत्येकाने आधी 'पेगन', मग आडवी रेघ आणि मग आपला पंथ लिहावा, म्हणजे निदान एकत्र मोजले तरी जाऊ. ती आडवी रेघ मला फार आवडली.

---

मांडवीकिनारा

भारतातही हेच चाललंय की. आपल्या जनगणनेत सहा धर्मांचे रकाने आणि मग 'इतर'. २०११ मध्ये 'इतर'मध्ये ४९ लाखांहून अधिक लोकांनी 'सरना' लिहिलं, बहुतेक झारखंड आणि आसपासचे आदिवासी. साल वृक्षांच्या राईत पूजा करणारे. झारखंड विधानसभेने २०२० मध्ये सरनासाठी वेगळ्या रकान्याचा ठराव केला. ताई, तुमच्या एका फॉर्मचा प्रश्न तिथे अख्ख्या समाजाचा आहे.

---

पायवाट (सातारा)

मी वयाने मोठा आहे, बासष्ट वर्षांचा, त्यामुळे 'तू' म्हणतो, राग मानू नकोस पोरी. गेली एकोणीस वर्षं आषाढीला चालतो.

तुम्ही सगळे 'तू काय मानतेस' यावरून नाव शोधताय. आपल्या मराठीत तशी नावं फारशी नाहीतच. वारकरी म्हणजे काय? वारी करतो तो. त्याला अद्वैत पटतं की द्वैत, हे दिंडीत आजवर मला कुणी विचारलेलं नाही. माळकरी म्हणजे ज्याच्या गळ्यात माळ आहे तो. टाळकरी, विणेकरी, सगळी कामाची नावं. माझ्या दिंडीत एक निवृत्त मास्तर आहेत. देव आहे की नाही याची मला खात्री नाही असं ते स्वतः सांगतात. अठ्ठावीस वाऱ्या झाल्या त्यांच्या. ते वारकरी नाहीत असं म्हणायची माझी प्राज्ञा नाही. उलट, देवावर गाढ श्रद्धा असलेला पण कधी न चाललेला माझा भाऊ वारकरी नाही, आणि तो स्वतःही तसं म्हणवत नाही.

म्हणून तू काय मानतेस हे सोड. तू काय करतेस ते सांग. सण आठ पाळतेस. पाण्याला नमस्कार करतेस. पौर्णिमेला दिवा लावतेस. गेलेल्यांना पान वाढतेस. सांग, हे करणाऱ्याला तिथल्या भाषेत काय म्हणतात? तेच लिही. पुनर्जन्माचं उत्तर फॉर्मवर कुणी मागितलेलं नाही.

आणि एक. नाव लावलं की त्या नावाचं काम अंगावर येतं. माळ घातली त्या दिवशी माझा मांसाहार सुटला. तू जे नाव घेशील त्याचं काम तुला झेपेल का, एवढं फक्त बघ. सह्यकडांचा राग मला वाटतं त्याबद्दलच आहे, काम न करता नाव लावणाऱ्यांबद्दल.

---

सह्यकडा

काका, अगदी त्याबद्दलच.

---

सोनचाफा

पायवाट काका, आमच्याकडे हा वाद पन्नास वर्षं चाललाय आणि मोठे मोठे लोक तुम्ही म्हणता तिथेच येऊन थांबतात, की पेगन धर्म हा करण्याचा धर्म आहे, मानण्याचा नाही. माझ्या कव्हनमध्ये देवी खरोखर आहे मानणारे आहेत, ती मनाची प्रतिमा आहे मानणारे आहेत आणि एक जण चक्क नास्तिक आहे. वर्तुळात सगळे सारखेच उभे राहतात. मी हे तुमच्यासारखं सांगू शकले नसते.

---

घाटमाथा

मी अजूनही 'हिंदू' म्हणेन. पण काकांच्या कसोटीवर ताईंचे आठ सण माझ्या घरात होत नाहीत हे खरं आहे. आणि वेगळं होऊन ताईंना कुणाला बाहेर ठेवायचं नाही, उलट आणखी एका पंगतीत बसायचंय. माझी हरकत मी मागे घेतो.

---

कृष्णाकाठ

काका, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. कामाचं म्हणाल तर झेपेल, झेपतंच आहे. गेल्या वर्षी आमच्या गटाने एव्हन नदीचा एक तुकडा सफाईला घेतलाय, महिन्यातून एकदा जातो. मी ते कधी धर्मात धरलंच नव्हतं. आता धरते.

---

कृष्णाकाठ (पाच आठवड्यांनंतर)

मंडळी, ऑपरेशन झालं, घरी आले, बरी आहे.

फॉर्मवर मी लिहिलं: 'पेगन - हिंदू'. मध्ये ती आडवी रेघ. नर्सने स्पेलिंग विचारलं, बाकी काही नाही. विकन लिहिलं नाही, कारण दीक्षा नाही. एक्लेक्टिक लिहिलं नाही, ते सह्यकडांमुळे. नुसतं हिंदू लिहिलं नाही, कारण माझ्या वर्षातले आठ दिवस त्यात कुणाला दिसले नसते. नुसतं पेगन लिहिलं नाही, कारण आजी त्यात दिसली नसती.

आदल्या संध्याकाळी दवाखान्यातल्या धर्मसेवा विभागातून एक बाई आल्या. मला वाटलं, आता त्या विचारणार, तुम्ही नेमकं काय मानता? उत्तर तयार करून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय लागेल?" काका, अगदी तुमचा प्रश्न. त्या दिवशी पौर्णिमा नव्हती, पण मी दिवा मागितला. वॉर्डात ऑक्सिजन असतो, ज्योत चालत नाही, म्हणून त्यांनी बॅटरीवरचा छोटा दिवा आणून दिला आणि पेल्यात पाणी ठेवलं. त्या पाण्याला नमस्कार करून मी झोपले.

एक मागणं आहे. पायवाट काका, तुम्ही साताऱ्याचे. उत्सवात वाईला जाणं झालं तर माझ्या वतीने कृष्णाबाईची ओटी भराल का? खर्च पाठवते.

---

पायवाट

खर्चाचं बोलू नकोस. दरवर्षी जातोच आम्ही. ओटी मंडळी भरतील, मी नारळ धरीन. नाव कुणाचं सांगू? तुझं खरं नाव इथे उघड लिहू नकोस, निरोपातून कळव.

---

कृष्णाकाठ

नाव आजीचं कळवते, काका. तिची नात म्हणून सांगा, नदी ओळखेल.